अदृश्य दोरी

पतंग उडविणाऱ्याच्या हाती मांजा असतो. नमुना-विमान उडविणाऱ्याच्या हातीही एक दोरी असते. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही. ती असते रेडिओलहरींची. सन १८९८ मध्ये निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने न्यूयॉर्क येथे एक छोटी नौका तारेवाचून, दुरून चालवून दाखविली. त्याच तत्त्वावर आज ही विमाने उडतात.

उडविणाऱ्याच्या हातातील यंत्रास प्रेषक, तर विमानातील यंत्रास ग्राही म्हणतात. प्रेषकाचा दांडा हलविला, की लहरींवाटे आज्ञा ग्राहीकडे पोहोचते आणि तीनुसार पंखांवरील व शेपटीवरील झडपा हलतात. विमानास सामान्यतः चार प्रकारच्या आज्ञा द्याव्या लागतात : वेग बदलणे, नाक वरखाली करणे, कुशीवर कलणे आणि डावीउजवीकडे वळणे. म्हणून निदान चार चॅनेलचा प्रेषक निवडावा. ग्राही त्याच्याशी जुळणारा असावा. वेगाचा दांडा शिकविणाऱ्याच्या प्रेषकावर ज्या हाताला असेल, त्याच हाताला आपलाही असावा. म्हणजे ऐन वेळी त्याला विमान सावरता येते.

पूर्वी अमेरिकेत या विमानांसाठी ७२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा ५० भागांत वाटलेला असे. एकाच भागावर दोघांनी प्रेषक चालू केले, तर आज्ञांची सरमिसळ होऊन उडते विमान कोसळे. आजचे प्रेषक बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात, व ग्राही केवळ आपल्याच प्रेषकाची सांकेतिक खूण ओळखतो. त्यामुळे तो धोका पुष्कळ कमी झाला. शिस्तीची गरज मात्र कमी झाली नाही.

उड्डाणापूर्वी दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या तपासाव्यात. वेगाचा दांडा खाली ठेवून प्रथम प्रेषक चालू करावा, मग विमान. उतरल्यावर प्रथम विमान बंद करावे, मग प्रेषक. हा क्रम उलटला, तर पंखा एकाएकी फिरून बोटांना इजा होऊ शकते. प्रेषकाची शक्ती कमी करून सुमारे ३० पावलांवरून झडपा हलतात का, हे पाहावे. संदेश तुटल्यास मोटार आपोआप थांबावी, अशी योजना ग्राहीत करून ठेवावी. उड्डाणाच्या वेळी अँटेनाचे टोक विमानाकडे रोखू नये. टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत क्षीण असतात.

विमानतळाचा परिसर, रस्ते आणि गर्दी टाळावी. विमान नजरेआड होऊ देऊ नये. तुटलेला पतंग फार तर झाडावर अडकतो. ही दोरी तुटलेले विमान एखाद्याच्या डोक्यावर आदळू शकते. म्हणून खरा वैमानिक तोच, जो विमान जमिनीवर असतानाच ही दोरी तपासून घेतो.