लाल पेशीतला परका ठिपका

पावसाळ्यात आमच्या बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग लागते. ‘डॉक्टरसाहेब, काल बरं होतं, आज पुन्हा हुडहुडी भरली,’ असे कुणी म्हटले की आम्ही आधी बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो.

त्या थेंबात आम्ही शोधतो केंद्रक. पेशीच्या या गाभ्यात डीएनए असतो. कोणते प्रथिन बनवायचे, कधी दुभंगायचे, याच्या सूचना त्यातच असतात. माणसाच्या पक्व लाल रक्तपेशीला मात्र केंद्रक नसते. त्यामुळे लाल पेशीत निळसर कडे आणि त्यावर अंगठीच्या खड्यासारखा लालसर ठिपका दिसला, तर ते केंद्रक आपले नव्हे, हिवतापाच्या परजीवीचे!

हा प्लाझ्मोडियम अवघ्या एका पेशीचा जीव. पण त्याच्या केंद्रकात १४ गुणसूत्रे आणि पाच हजारांच्या आसपास जनुके असतात. आपल्या बहुतेक पेशी केंद्रक दुभंगले की स्वतःही दुभंगतात. हा मात्र आधी नुसती केंद्रकेच वाढवतो. व्हायवॅक्स प्रकारात ती १२ ते २४ होतात. मग प्रत्येकाभोवती थोडा पेशीद्रव जमून नवे परजीवी तयार होतात आणि लाल पेशी फोडून एकदम बाहेर पडतात. तेव्हाच थंडी वाजते. ही फेरी साधारण ४८ तासांची, म्हणून ताप दिवसाआड येतो.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हा परजीवी दिसला. तेव्हा आपले शहरही त्याच निजामी संस्थानात होते. डास चावल्यावर परजीवी प्रथम यकृतात शिरतो. व्हायवॅक्सचे काही परजीवी तिथेच झोपी जातात. आठवडे, कधी महिनोन्‌महिने त्यांचे केंद्रक दुभंगत नाही. रक्त तपासून ते सापडत नाहीत. जागे झाले की ताप परततो.

म्हणूनच व्हायवॅक्ससाठी दोन औषधे देतात. तीन दिवसांचे क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारते. यकृतातल्या झोपलेल्यांसाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप उतरला म्हणून अनेकजण ते मध्येच सोडतात. तसे करू नका. गर्भवतींना, तान्ह्या बाळांना आणि जी-६-पीडी कमी असलेल्यांना हे औषध चालत नाही. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावे. आणि दुकानातून गोळी आणण्याआधी रक्त तपासून घ्या. शासकीय रुग्णालयात ही तपासणी होते.