विमानाचे सुटे भाग : माल अर्धा, कागद अर्धा

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. विमानाशी आमचा संबंध प्रवासापुरता, तोही क्वचित. परंतु मध्यंतरी एक चौकशी आली. विमानातील आसनांच्या खोळी शिवून देणाऱ्या एका कारागिराला लोकर व नायलॉनच्या मिश्रणाचे जाड कापड हवे होते. नमुना पाठविला, पसंत पडला. मग त्याने विचारले, "याच लॉटचे बर्न सर्टिफिकेट कोठे आहे?" आमच्याजवळ होते ते आधीच्या लॉटचे. दलाल म्हणाला, "शेठ, गिरणी तीच, कापड तेच. जोडून द्या, कोण पाहतो?"

खोटे कशाला बोलावे, मोह झाला. दोन दिवस विचारात गेले. शेवटी विमान देखभालीचे काम करणाऱ्या आमच्या भाच्याला विचारले. त्याने सांगितले ते आपल्या लेथवाल्या, भंगारवाल्या व कापडवाल्या बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

प्रथम कापडाचेच पाहू. कापडाची पट्टी उभी टांगून खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत धरतात. ज्योत काढल्यावर ती सरासरी १५ सेकंदांच्या आत विझली पाहिजे, जळालेली लांबी सरासरी ८ इंचांपेक्षा जास्त भरता कामा नये आणि गळणारा थेंबही ५ सेकंदांत विझला पाहिजे. रंगात किंवा आग रोखणाऱ्या प्रक्रियेत थोडा फरक पडला की निकाल बदलतो, आणि हा फरक हाताला किंवा डोळ्याला कळत नाही. तीस वर्षे कापड चोळून पाहणाऱ्या आमच्या बोटांनाही नाही.

आता शब्दांकडे वळू. 'रोटेबल' म्हणजे काढून, दुरुस्त करून पुन्हा बसविता येणारा भाग. उदाहरणार्थ ब्रेक, पंप, जनरेटर. अशा प्रत्येक नगाला स्वतःचा सीरियल नंबर असतो. 'एक्सपेंडेबल' म्हणजे नटबोल्ट, गॅस्केट, फिल्टर. एकदा वापरले की संपले. तेल, ग्रीस, सीलंट हे 'कंझ्युमेबल'. रबरी रिंगा व सीलंट यांना औषधाप्रमाणे मुदत असते. ती टळली की न उघडलेले पाकीटही बाद.

जुन्या मालाबाबत आपल्या बाजारात 'जुना पण चालू' एवढे म्हटले की भागते. येथे तसे चालत नाही. 'अ‍ॅज रिमूव्हड' म्हणजे काढला तसा, कसलीही हमी नाही. 'इन्स्पेक्टेड' म्हणजे केवळ तपासलेला, 'रिपेअर्ड' म्हणजे दोष काढलेला. 'ओव्हरहॉल्ड' म्हणजे पूर्ण खोलून, साफ करून, झिजलेले बदलून, पुन्हा जोडून चाचणी केलेला. प्रत्येक शब्दाचा भाव वेगळा. शब्द बदलला की सौदा फसवणुकीचा होतो.

'लाइफ लिमिटेड पार्ट' हा प्रकार आम्हास सर्वांत नवा वाटला. एक उड्डाण व एक उतरणे मिळून एक 'सायकल'. इंजिनातील फिरणाऱ्या चकत्यांना ठराविक सायकलींचे आयुष्य दिलेले असते. ते भरले की आरशासारखी चमकणारी चकतीही काढावी लागते. म्हणून तिचा जन्मापासूनचा हिशेब हवा. मधले एक पान हरवले तर लाखोंचा माल भंगार ठरतो. स्क्रॅप ठरलेला भाग कापून किंवा वितळवून पुन्हा बसविता येणार नाही असा करतात. विमानाचे भंगार घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे; अखंड भाग पुढे विकण्यातच खरा धोका आहे.

भाग वापरण्यास योग्य असल्याचा दाखला भारतात डीजीसीएच्या नियमांनुसार 'सीए फॉर्म १' म्हणून देतात. युरोपात 'ईसा फॉर्म १', अमेरिकेत '८१३०-३'. मान्यताप्राप्त संस्थेलाच त्यावर सही करता येते.

८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअर कंपनीचे विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून ५५ जण ठार झाले. शेपटीचा उभा पंखा धरून ठेवणारे काही बोल्ट कमी ताकदीचे, मान्यता नसलेले निघाले. २०२३ मधील प्रकरण कागदाचे आहे. पोर्तुगालमधील अभियंत्यांना एक भाग कागदावर नवा, पण हातात झिजलेला दिसला. त्यांनी उत्पादकाला विचारले, तेव्हा दाखलाच बनावट ठरला. तो लंडनमधील एका पुरवठादाराकडून आला होता. त्याचा माल शोधण्यासाठी जगभरच्या विमान कंपन्यांना आपली इंजिने तपासावी लागली.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघड करणारी हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. ओलावा निदान बोटांना लागतो. आमच्या कापडातला दोष, असलाच तर, आग लागल्यावरच कळला असता.

भाचा एवढेच म्हणाला, "मामू, त्या आसनावर कोण बसणार, ते तुम्हाला ठाऊक नाही."

आम्ही कारागिराला फोन करून या लॉटचा दाखला नसल्याचे सांगितले. चाचणी करून घेण्याइतका वेळ त्याच्याजवळ नव्हता, सौदा मोडला. दलाल काही दिवस रुसून होता. ते कापड पुढे सोफ्याच्या खोळींसाठी गेले, मीटरमागे भाव कमीच आला.