दीर्घकालीन तेजीतील तात्पुरती घसरण आणि लहान गुंतवणूकदार : एक विवेचन

प्रस्तावना :
शेअर बाजारातील दीर्घकालीन तेजी सरळ रेषेत वर जात नाही. तेजीच्या काळातही भाव मधूनमधून खाली येतात. या तात्पुरत्या घसरणीस बाजाराच्या भाषेत 'करेक्शन' म्हणतात. इंदुरी, तळेगाव, चाकण या पट्ट्यातील नोकरदाराने आपल्या बचतीतून शेअर्स घेतले असतील, तर अशा वेळी त्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२००३ ते २००८ ची तेजी :
एप्रिल २००३ मध्ये सेन्सेक्स ३,००० च्या आसपास होता. ८ जानेवारी २००८ रोजी तो २०,८७३ वर बंद झाला. या वाटचालीत दोन मोठ्या घसरणी आल्या. लोकसभा निकालानंतर १७ मे २००४ रोजी निर्देशांक एका दिवसात ११ टक्के कोसळून ४,५०५ वर आला. पण वर्षअखेरीस त्याने जानेवारीतील उच्चांक ओलांडला. १० मे २००६ रोजीचा १२,६१२ चा निर्देशांक १४ जून रोजी ८,९२९ झाला. ही घट २९ टक्के होती. ती ऑक्टोबरमध्येच भरून निघाली.

यावरून 'प्रत्येक घसरण ही खरेदीची संधी' असा समज दृढ झाला. जानेवारी २००८ मधील पडझडीकडेही अनेकांनी याच दृष्टीने पाहिले. प्रत्यक्षात ९ मार्च २००९ रोजी सेन्सेक्स ८,१६० वर आला. ६१ टक्के घट भरून काढण्यास १५६ टक्के वाढ लागते. त्यासाठी नोव्हेंबर २०१० उजाडले.

विवेचन :
घसरण तात्पुरती की तेजीचा शेवट, हे सुरुवातीस ओळखता येत नाही. दोनशे दिवसांची चल सरासरी उपयुक्त असली तरी निर्णायक नव्हे; जून २००६ मध्ये निर्देशांक तिच्याखाली जाऊनही तेजी टिकली. म्हणून अंदाजापेक्षा संभाव्य तोट्याची मर्यादा महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, भांडवल २ लाख रुपये व एका व्यवहारातील सोसता येणारा तोटा १ टक्का, म्हणजे २,००० रुपये मानू. ५०० रुपयांना घेतलेला शेअर ४६० ला विकण्याचे आधीच ठरविले, तर ५० शेअर्सच घ्यावेत. भाव एकदम कोसळल्यास तोटा याहून वाढू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. पडत्या भावात कर्ज काढून सरासरी करणे टाळावे. निर्देशांक सावरला तरी प्रत्येक कंपनी सावरतेच असे नाही.

निष्कर्ष :
घसरणीतील निर्णय घसरणीपूर्वीच घ्यावयाचा असतो. वर्षभरात लागणारा घरखर्चाचा व शिक्षणाचा पैसा बाजाराबाहेर ठेवणाऱ्यासच थांबणे परवडते.