धक्का बसलेल्या लेकराचं घर



गावात एखाद्या लेकराचे आईबाप जातात, किंवा घरातच त्याला मारझोड, अत्याचार सोसावा लागतो. मग लोक म्हणतात, "टाका आश्रमात, दोन घास तरी मिळतील." घास मिळतात हो, पण मनाला बसलेल्या धक्क्याचं काय?

असं मूल रात्री दचकून उठतं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं, गप्प बसतं नाहीतर अंगावर धावून येतं. काही मुलं भाकरी उशाखाली लपवतात, कारण उद्या मिळेल याचा भरवसा नसतो. त्याला खोड समजून मारू नका, ती भीती आहे. रोज तेच माणूस जवळ असलं, वेळच्या वेळी ताट समोर आलं, की भीती हळूहळू ओसरते. शंभर मुलांच्या आणि पाळीपाळीनं माणसं बदलणाऱ्या वसतिगृहात हे जमणं अवघड.

यावर एक वाट निघाली ती कुटुंबासारख्या घरांची. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात असंख्य मुलं पोरकी झाली होती. १९४९ मध्ये हर्मान ग्माइनर यांनी इम्स्ट इथं एसओएस बालग्रामाचं काम सुरू केलं. भारतात ते १९६४ मध्ये आलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या लातूरलाही असं बालग्राम उभं राहिलं.

या घराचे खांब चार. पहिला, आई: मुलांसोबत तिथंच राहणारी, स्वयंपाक करणारी, अभ्यासाला बसवणारी. दुसरा, भावंडं: लहानमोठी आठ-दहा मुलं एकत्र, आणि सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरात. तिसरा, घर: स्वतःची चूल, स्वतःचं दार. चौथा, गाव: अशी दहा-बारा घरं शेजारी. मुलं शाळेत जातात ती बाहेरच्या, इतर मुलांबरोबर.

पण नुसत्या इमारतीनं घर होत नाही. आईच वरचेवर बदलली, तर मूल पुन्हा पोरकं होतं. म्हणून तिला प्रशिक्षण, रजा आणि मदतीला समुपदेशक हवा.

आता आपण काय करायचं? आधी पाहा, मामा, आजी, काकू मूल प्रेमानं सांभाळतील का. पैशाची अडचण असेल तर महिला व बाल विकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. सांभाळणारं कुणीच नसेल, किंवा घरातच धोका असेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे लागत नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि कुठं ठेवायचं ते समितीच ठरवते. "चांगल्या घरी देतो" म्हणणाऱ्याच्या हाती मूल परस्पर देऊ नका.

समितीपुढे गेलात तर तीन गोष्टी नक्की विचारा. संस्थेची नोंदणी आहे का? भावंडं एकत्र राहतील का? नातेवाइकांना भेटता येईल का? दोन भावंडांची ताटातूट झाली, तर त्यांचं उरलंसुरलं घरही जातं.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की १०९८ हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. येते, मैत्रिणींनो.