हक्काची जागा

आमच्या शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर, विठोबा-रखुमाईच्या तसबिरीला टेकवून, प्लॅस्टिकचे एक कार्ड उभे करून ठेवलेले आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कंपनीचे जुने ओळखपत्र वाटते. वास्तविक ते फुटबॉलचे सीझन तिकीट आहे, बालेवाडीच्या मैदानावर खेळणाऱ्या एका संघाचे. त्यावर स्टँडचे नाव आहे, रांगेचे अक्षर आहे, खुर्चीचा क्रमांक आहे. मैदान अजून जागेवर आहे. खुर्चीही बहुधा असेल. संघ तेवढा नाही.

शेजारी मूळचे कोल्हापूरचे, इथल्या एका मशीनशॉपमध्ये कामाला. आमच्या तळवड्यात असे बाहेरून आलेलेच अधिक. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. इंद्रायणीकाठच्या शेतांत पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, मागाहून सॉफ्टवेअर पार्क आले, आणि सातारा-सांगलीपासून लातूर-नांदेडपर्यंतची माणसे खोल्या शोधत आली. येताना प्रत्येकाने गावाकडचे काहीतरी बरोबर आणले. कुणी भजनाची पेटी आणली, कुणी ज्वारीचे पोते. ह्या गृहस्थांनी फुटबॉल आणला.

सीझन तिकीट म्हणजे काय, हे पुणेकराला समजावून सांगावे लागत नाही. सवाई गंधर्व महोत्सवाने ते कधीच शिकवले आहे. सगळ्या दिवसांचे तिकीट एकदम काढायचे, सतरंजी, थर्मास आणि शाल घेऊन जायचे, आणि गेल्या वर्षी शेजारी बसलेले जोशी यंदाही आलेत ना, हे आधी पाहायचे. महोत्सव रमणबागेतून २०१८ मध्ये मुकुंदनगरला गेला तेव्हा कित्येकांना गाण्यापेक्षा आपल्या ठरलेल्या कोपऱ्याची हुरहूर अधिक लागली होती. सीझन तिकिटात सामन्यांची किंवा मैफलींची घाऊक खरेदी असतेच, सवलतही असते. पण माणूस पैसे मोजतो ते ‘ही माझी जागा’ असे म्हणता यावे म्हणून. शेजारी कोण आहे हे ठाऊक असावे म्हणून.

बालेवाडीत आमच्या शेजाऱ्यांना ते मिळाले होते. शनिवारी पहिली पाळी करून घरी यायचे, मुलाला मोटारसायकलवर पुढे बसवायचे आणि निगडी, वाकड करत मैदान गाठायचे. ह्यांच्या डाव्या हाताला खडकीचे एक निवृत्त सुभेदार बसत. पुढच्या रांगेत पुण्यातल्या हॉटेलांत काम करणारी ईशान्येकडची चार-पाच मुले. त्यांना खेळातले इतके कळे की रेफरीने शिट्टी वाजवण्याआधी ती निकाल सांगत. मागे कॉलेजातल्या दोन मुली, एक ढोल घेऊन. मुलाला भूक लागली की सुभेदारांच्या पिशवीतून चिक्की निघे. संघ बंद झाला तेव्हा ही मंडळीही गेली. “काका, एकाचंबी आडनाव ठावं न्हाई बघा,” शेजारी मला म्हणाले. “कुणाचा फोन नंबर घ्यावा असं कधी वाटलंच न्हाई. म्हटलं, पुढच्या शनिवारी हाईतच की सगळे.”

बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. तिथल्या मुख्य मैदानाभोवती धावण्याची मार्गिका आहे. ती धावपटूंच्या सोयीची, पण फुटबॉलच्या प्रेक्षकाला मात्र गोल जरा लांबूनच पाहावा लागतो. तरी माणसे आली. ह्या मैदानावर थोड्या वर्षांत चार क्लब नांदून गेले. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला, आय-लीगमध्ये गेला, २०१२-१३ मध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये थांबला. भारत एफसी एकाच हंगामाचा धनी ठरला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम खेळला. आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर वाजतगाजत आलेला एफसी पुणे सिटी, उपांत्य फेरीपर्यंत मजल मारूनसुद्धा, २०१९ मध्ये बंद झाला. त्याची लीगमधली जागा हैदराबादने घेतली. तो हैदराबादचा संघही २०२५ मध्ये दिल्लीला गेला. भाडेकरूने इतक्या खोल्या बदलल्या तर आमच्या रुपीनगरातला घरमालकही त्याला डिपॉझिट वाढवून मागेल!

मालकांची बाजू नाही असे नाही. फुटबॉलचा क्लब चालवणे म्हणजे तोट्याचा धंदा. तिकिटांच्या पैशांत परदेशी खेळाडूचे विमानभाडेही निघायचे नाही. पण तोटा मोजताना मालकाचा मोजला जातो. सहा हंगाम आपल्या मुलाला एकच गाणे शिकवणाऱ्या बापाचा कोणत्या रकान्यात लिहायचा?

मुंबईकरांची गोष्ट वेगळी. त्यांचा संघ टिकला, पण जागा हलली. मुंबई सिटी एफसी पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला. पन्नास हजारांहून अधिक माणसे मावतील असे ते क्रिकेटचे मैदान. २०१६ मध्ये संघ अंधेरीच्या संकुलात आला, तिथे जेमतेम सात-आठ हजारांची सोय. अंधेरी-गोरेगावचा माणूस खूश झाला. पनवेल-बेलापूरच्या माणसाला हार्बर लाइनचा प्रवास वाढला. पुढे २०२०-२१ मध्ये ह्या संघाने पहिल्यांदा लीग जिंकली तेव्हा करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात बंद दाराआड चालू होती. फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी विजयी गोल झाला, आणि तो प्रत्यक्ष पाहायला मुंबईचा एकही सीझन तिकीटवाला नव्हता.

खुर्चीला क्रमांक असतो, हे आज आपल्याला स्वाभाविक वाटते. फुटबॉलच्या जन्मभूमीत मात्र तो क्रमांक फार मोठी किंमत मोजून आला. इंग्लंडमध्ये गोलमागच्या उतरत्या पायऱ्यांवर हजारो कामगार उभ्यानेच सामना पाहत. तिकीट स्वस्त, गर्दी दाट, पुढे लोखंडी जाळी. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्यात त्या जाळीशी चेंगरून लिव्हरपूलचे प्रेक्षक दगावले. मृतांचा आकडा शेवटी ९७ झाला. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अहवालात मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला बसायला जागा हवी असे सांगितले. त्याप्रमाणे वरच्या दोन श्रेणींतील मैदाने खुर्च्यांनी भरली. लिव्हरपूलचा प्रसिद्ध ‘कॉप’ १९९४ मध्ये शेवटचा उभा राहिला.

माणसे सुरक्षित झाली, हे सर्वांत महत्त्वाचे. त्याबद्दल वाद असूच नये. परंतु टेलरसाहेबांनी त्याच अहवालात आणखी एक गोष्ट सुचवली होती: खुर्च्या आल्या म्हणून तिकीट गरिबाच्या आवाक्याबाहेर जाऊ देऊ नका. पहिली सूचना पाळली गेली, दुसरी सोयीस्करपणे विसरली गेली. सीझन तिकिटे महाग होत गेली. बापाच्या शेजारी उभा राहून खेळ शिकलेला मुलगा आपल्या मुलाला घेऊन मैदानावर जाईनासा झाला. जर्मनीत मात्र उभ्याच्या जागा राखल्या. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये आजही सुमारे पंचवीस हजार माणसे उभी असतात, आणि ते तिकीट साध्या माणसाला परवडते. इंग्लंडलाही उशिरा का होईना सुचले. २०२२ पासून कठडे बसवलेल्या ठराविक भागात उभे राहायला तिथे पुन्हा परवानगी आहे.

आपल्याकडे खुर्चीवरून भांडणे झाली ती निराळ्याच कारणाने. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे, सामने भरवायचे मुंबई क्रिकेट संघटनेने. मग संघटनेला जागा किती द्यायच्या, ह्यावर दोघांचे वर्षानुवर्षे वाजत राहिले. शेवटी शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियमच उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला. एवढा खटाटोप जागांसाठी. आणि २०११ च्या विश्वचषकासाठी त्याच वानखेडेची डागडुजी होऊन खुर्च्या ऐसपैस झाल्या, संख्या तेहतीस हजारांवर उतरली, तेव्हा अंतिम सामन्याची सर्वसामान्यांसाठी विक्रीस निघालेली तिकिटे होती सुमारे चार हजार! बाकीची क्लब, संस्था आणि मान्यवर यांत वाटली गेली.

पुण्याने हाच धडा तीस वर्षांनी पुन्हा गिरवला. स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे, सामने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले ते ह्याच मैदानावर. आम्ही निगडीहून स्वारगेटची बस पकडून, सिमेंटच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून तो सामना पाहिला. दुपारपर्यंत अग्रलेखाची शाई पॅन्टला लागली होती. ३ नोव्हेंबर २००५ च्या भारत-श्रीलंका सामन्याच्या तिकीटवाटपावरून महापालिका आणि संघटना यांचे बिनसले आणि संघटनेने स्वतःचे स्टेडियम बांधायचे ठरवले. १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजे येथे त्याचे उद्घाटन झाले.

पुण्याच्या पेठांतला माणूस हळहळला. एक्स्प्रेसवेच्या कडेला, मावळात कोण जाणार? आम्ही तळवडेकर मात्र मनातून सुखावलो. आयुष्यात पहिल्यांदा एखादी मोठी गोष्ट शहराकडून आमच्याकडे सरकली होती. देहूरोडवरून गेले की पंधराएक किलोमीटरच्या आत स्टेडियम! हौसेने आम्ही पहिल्या वर्षी गेलोही. मैदान देखणे आहे, कुठूनही खेळ स्वच्छ दिसतो, गवताच्या उतारावर पाय पसरून बसता येते. पण जवळ आलेली जागा हाताशी आली असे झाले नाही. आयपीएलचे संघ बदलत राहिले. २०१६ मध्ये दुष्काळामुळे न्यायालयाच्या आदेशाने १ मेनंतरचे सामने राज्याबाहेर गेले आणि पुण्याचा संघ घरचे सामने विशाखापट्टणमला खेळला. उलट २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने गहुंज्याला आले, आणि चेन्नईहून एक अख्खी रेल्वेगाडी भरून सुमारे हजार पिवळे सदरे सामना पाहायला पुण्यात उतरले. आपल्या हिरावलेल्या जागेच्या मागे हजारभर किलोमीटर जाणारी ती माणसे पाहून मला हेवा वाटला. ऑक्टोबर २०२४ च्या कसोटीत तर पहिल्या दिवशी उन्हातल्या प्रेक्षकांना वेळेवर पिण्याचे पाणीही मिळाले नाही. संघटनेने मागाहून दिलगिरी व्यक्त केली. उन्हातल्या उघड्या स्टँडवर कोण बसते, हे सांगायला नकोच.

गेल्या हंगामात शेजारी म्हणाले, “काका, चला एकदा आमच्याकडं. फुटबॉल दावतो.” एका रविवारी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघे कोल्हापूरला गेलो.

राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना होता. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तिथल्या संघांची नावे. बरेचसे तालमींचे संघ, कुस्तीच्या मातीतून फुटबॉलकडे वळलेले. शहर दुपारपासूनच सायकली, मोटारसायकली आणि झेंडे घेऊन मैदानाकडे निघाले होते. आत पायऱ्या होत्या. पायऱ्यांना क्रमांक नव्हते. तरी कोणत्या तालमीची माणसे कुठे बसणार हे लहान पोरालाही माहीत होते. हे सगळे भाबडेपणाने सांगतो आहे असे समजू नका. इथेही समर्थकांत दगडफेक होते, हुल्लड होते, सामने थांबतात, पोलिसांना काठ्या उगाराव्या लागतात. बायकांनी निवांत येऊन बसावे अशी व्यवस्था पुरेशी नाही, आणि हिल्सबरो आठवले की त्या दाटीत माझ्या पोटात गोळाही आला. क्रमांक असलेली खुर्ची वाईट नव्हेच. पण इथला संघ पुढच्या वर्षी हैदराबादला जाणार नाही, हे प्रत्येक जण गृहीत धरून होता.

शेजाऱ्यांचा मुलगा आता बारावीला आहे. बालेवाडीत तो वाढला, त्यामुळे तिकीट हातात घेऊन तो खालपासून वरपर्यंत पायऱ्या न्याहाळू लागला.

“बाबा, आपली जागा कुठली?”

वडिलांनी वरच्या बाजूला एका खांबाकडे बोट दाखवले. तिथे आजोबा बसायचे म्हणे. आम्ही चढून गेलो. पायरी पूर्ण भरलेली होती, खांबाला टेकून एक पांढरे केस असलेले गृहस्थ शेंगा फोडत बसले होते. त्यांनी शेजाऱ्यांकडे निरखून पाहिले, त्यांच्या वडिलांचे नाव घेऊन “त्येंचाच न्हवं का तू?” असे विचारले, आणि मग मांडी आवरत बाजूच्यांना म्हणाले, “सरका रं जरा.”

सहा-सात माणसे वीतभर वीतभर सरकली. आम्ही तिघे बसलो. सामना सुरू व्हायला अजून दहा मिनिटे होती, आणि शेंगांची पुडी आमच्याकडे आली.