मळलेली वाळू जास्त चांगलं गाळते!

तरणतलावाच्या पंपघरात एक बंद टाकी असते आणि तिच्यात सिलिका वाळू. तलावाचं सगळं पाणी पुन्हापुन्हा या वाळूतून जातं. वाळूचा कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे ५०० मायक्रॉनचा. एवढे गोल मणी दाटीत दाट रचले, तरी मधल्या फटीतून ७५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा कण पार होतो. असं असूनही ही वाळू २० ते ४० मायक्रॉनचा मळ अडवते. फटीहून लहान कण फटीत अडकतो कसा?

कारण वाळूचं काम चहाच्या गाळणीसारखं चालत नाही. पाणी असंख्य वळणं घेत खाली उतरतं. मळाचे मोठे कण वजनामुळे वाळूवर बसतात, काही जाताजाता तिला घासतात आणि चिकटतात. अगदी बारीक कणांना पाण्याचे रेणू धक्के देतात, तेही भरकटत वाळूला टेकतात. याओ, हबीबियन आणि ओमेलिया यांनी १९७१ मध्ये याचं गणित मांडलं. त्यातून निघालेली गोष्ट थक्क करणारी आहे: पकडायला सगळ्यांत अवघड कण सुमारे एका मायक्रॉनचा असतो; त्याहून बारीक कण पुन्हा सोपे होत जातात! बरेचसे जिवाणू नेमके याच मापाचे असतात. म्हणून गाळणी कितीही चांगली असली तरी क्लोरीन लागतंच.

शिवाय अडकलेला मळ फटी अरुंद करतो आणि पुढचा मळ धरतो. हे एकदा उमगलं की फिल्टरच्या बहुतेक तक्रारींची उकल होते.

पाणी गढूळ दिसलं की रोज बॅकवॉश करणारे, म्हणजे उलट्या पाण्याने वाळू धुणारे, अनेक जण असतात. त्यात कामाला लागलेला मळच धुऊन जातो आणि गढूळपणा रेंगाळतो. खरा निर्णय टाकीवरच्या प्रेशर गेजवर घ्यायचा. वाळू स्वच्छ असतानाचा आकडा लिहून ठेवा. काटा त्याच्या ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉशची वेळ झाली.

बॅकवॉशमध्ये पाणी खालून वर वाहतं आणि वाळूचा थर फुलून येतो. वाळू पाण्याच्या सुमारे २.६५ पट जड, म्हणून ती टाकीतच राहते. हलका मळ वर उठून वाहून जातो. बाहेर जाणारं पाणी दाखवणाऱ्या काचेत स्वच्छ पाणी दिसेपर्यंत हे चालू द्यावं आणि नंतर थोडा वेळ रिन्स करावं, म्हणजे पाणी पुन्हा वरून खाली, पण ड्रेनमध्ये सोडावं, नाहीतर सुटलेला मळ तलावात उतरतो. पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद हवाच. चालू पंपावर दांडा फिरवला तर आतलं रबरी गॅस्केट फाटू शकतं, आणि मग गाळताना ड्रेनच्या पाइपातून पाणी वाहत राहतं.

काटा खाली गेला, तर दोष बहुधा फिल्टरच्या आधी असतो: जाळीत पाला, पंपात अडकलेला कचरा किंवा कुठूनतरी आत शिरणारी हवा. तलावाच्या तळाशी वाळू आली, तर टाकीच्या बुडाशी असलेल्या बारीक चिरांच्या नळ्यांपैकी एखादी तुटलेली असण्याची दाट शक्यता.

पाणी गढूळ आणि काटा मात्र जागचा हलत नाही, हे लक्षण वेगळं. अंगाचं तेल, सनस्क्रीन आणि पाण्यातला क्षार यांनी वाळूचे गठ्ठे होतात. पाणी त्यांना वळसा घालून मोकळ्या वाटेने निसटतं. टाकी उघडून वाळू मोकळी करावी, नाहीतर बदलावी. साधारण ५ ते ७ वर्षांनी ती बदलावीच लागते.

सगळं ठीक असूनही धूसरपणा उरला, तर आधी क्लोरीन आणि पीएच तपासावा. तेही ठीक असतील, तर मामला विद्युतभाराचा असू शकतो. वाळू आणि मळ दोन्ही बहुधा ऋणभारित, म्हणून एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा दुरावा मिटवतं, कण एकत्र येतात आणि अडकतात. पावसाळ्यात घरोघरी पाण्यात तुरटी फिरवतात, त्यामागचं विज्ञान हेच. मात्र ती बेताने घालावी; जास्त झाली तर वाळूच तुंबते.

म्हणून तलाव गढूळला की रसायनाच्या डब्याकडे हात जाण्याआधी गेजचा काटा बघा. वर, खाली की जागच्या जागी, एवढ्यावरून पुढची दिशा ठरते.