शस्त्रक्रियेची घाई कोणासाठी?

आंतरलिंगी म्हणजे तृतीयपंथी, हा समज आपल्याकडे पक्का आहे. २०१९च्या केंद्रीय कायद्यानेही दोघांना एकाच व्याख्येत बसवले. वास्तविक आंतरलिंगी असणे ही शरीररचनेची बाब आहे, स्वतःला कोण मानतो याची नव्हे. गुणसूत्रे एक्सवाय असूनही पेशी पुरुषी संप्रेरकांना अजिबात दाद देत नसतील, तर बाळ मुलीसारखेच दिसते. पाळी आली नाही म्हणून तपासणी होते, तेव्हा कुठे उलगडा होतो. मात्र जन्मतःच जननेंद्रिय वेगळे दिसले, की तान्ह्या बाळाला शस्त्रक्रियेने ‘नीट’ करण्याची घाई सुरू होते. एप्रिल २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याला हरकत घेतली: आईवडिलांची संमती ही बाळाची संमती नव्हे. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने जिवावरचे प्रसंग वगळून अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली.

‘पुढे पोराला चिडवतील, त्याचे काय?’ ही पालकांची काळजी खोटी नाही. पण चिडवणाऱ्यांच्या खोडीची शिक्षा बाळाच्या अंगाला का? मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवायला नाव पुरते, टाके लागत नाहीत. शस्त्रक्रियेत गेलेली संवेदना मात्र परत येत नाही. घाई हवी ती जिवाच्या धोक्यात: अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात शरीरातले मीठ घटून बाळ दगावू शकते. तिथे औषध तातडीनेच हवे. पण इंद्रियाच्या आकाराचा निर्णय मूल मोठे होईपर्यंत थांबू शकतो.